गोमातेचा जयजयकार, पशुवैद्यकाची उपेक्षा

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू 2013 पासून उभी आहे. राज्याचे मंत्री राजधानीत आले की येथे उतरतात आणि येथूनच केंद्राच्या दारी मागण्या घेऊन जातात. त्या फायलींत महामार्ग असतात, विमानतळ असतात. गावच्या गुरांच्या दवाखान्याला त्यांत कोणते स्थान मिळते, हे त्या दवाखान्याच्या कुलपाकडे पाहून परतणाऱ्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज 50 रुपयांच्या अनुदानाचाही निर्णय झाला. त्याआधी, 2015 साली अमलात आलेल्या कायद्याने गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत नेऊन भाकड जनावर विकण्याची शेतकऱ्याची वाट बंद केली होती. गाईचा एवढा कळवळा असलेल्या याच राज्यकर्त्यांना 2025 मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या तब्बल 2,795 पदांसाठी लोकसेवा आयोगामार्फत जाहिरात काढावी लागली. ही पदे रिक्त राहिलेली असोत की दर्जावाढीतून निर्माण झालेली असोत, त्या खुर्चीवर काल डॉक्टर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. राज्यमातेच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला टोचलेला आहे. तिला तपासणाऱ्याची खुर्ची मात्र रिकामी!

पदवीधरांच्या वेतनश्रेणीशी कष्टकऱ्यांच्या चळवळीचा काय संबंध, असा सूर डाव्या कार्यकर्त्यांतही अधूनमधून निघतो. हा सूर वरवर क्रांतिकारक वाटला तरी मुळात चुकीचा आहे. शंभर संकरित गाईंचा गोठा बाळगणारा बागाईतदार खाजगी डॉक्टरला मोटार पाठवून बोलावू शकतो. रात्री अडलेल्या एकुलत्या एका म्हशीपाशी कंदील घेऊन बसलेल्या भूमिहीन शेतमजूर बाईला सरकारी दवाखान्यावाचून दुसरा आधार नाही. तिच्या दृष्टीने ती म्हैस म्हणजे मुलांचे दूध, वाण्याची उधारी आणि लेकीच्या लग्नाची पुंजी. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजखाली विदर्भातील आत्महत्याग्रस्त 6 जिल्ह्यांत दुधाळ जनावरे वाटण्यात आली. ज्या घरी चारा नाही आणि ज्या गावी डॉक्टर नाही तेथे संकरित गाय बांधणे म्हणजे कर्जावर आणखी एक कर्ज चढवणे होय, हे ती योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात येऊ नये? पशुवैद्यक गावात टिकतो की नाही, हा म्हणूनच गरिबाच्या गोठ्याचा प्रश्न आहे, आणि तो त्याच्या वेतनापासून वेगळा काढता येत नाही.

या देशातील पशुवैद्यकाची उभारणी साम्राज्यशाहीने आपल्या सोयीसाठी केली. 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. 1889 साली पुण्यात सरकारी जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व पुढे ती मुक्तेश्वरला हलवण्यात आली. घोडदळाचे घोडे आणि महसूल देणाऱ्या रयतेचे बैल जगले पाहिजेत, इतकाच त्यामागचा हिशेब. कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड होते. नाव बदलले, हिशेब किती बदलला हा प्रश्न शिल्लक आहे. तरीही स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील याच पशुवैद्यकांनी एक असामान्य काम करून दाखवले. 1954 पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेऊन त्यांनी आणि त्यांच्या हाताखालील कर्मचाऱ्यांनी गावोगाव लस टोचून बुळकांडीचा नायनाट केला. देश या रोगापासून मुक्त झाल्याचे 2006 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले, आणि 2011 मध्ये तो रोग जगातूनच हद्दपार झाला. हे यश कोणत्याही नफेखोर कंपनीचे नव्हते. कायम नोकरीत असलेल्या, महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या माणसांनी ते मिळवले. खाजगीकरणाचे पोवाडे गाणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी लागते!

1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगाने दर 5,000 जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात गाई-म्हशींची संख्या 30 कोटींवर आहे. म्हणजे केवळ त्यांच्यासाठीच 60 हजारांवर डॉक्टर हवेत. महाराष्ट्रातील सुमारे 1 कोटी 95 लाख गाई-म्हशींसाठी 3,900 हवेत. शेळ्या-मेंढ्या यात धरलेल्याच नाहीत, आणि शेळी तर गरिबातल्या गरिबाची गाय.

मग तरुण या सेवेकडे का वळत नाहीत, असे साळसूदपणे विचारले जाते. पशुवैद्यकाची पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची, एमबीबीएसइतकीच. महाराष्ट्रात प्रवेशही त्याच ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर. रोगी बोलत नाही, लाथ मारतो, आणि गाभडलेल्या गाईची वार काढताना ब्रुसेल्लोसिसचा संसर्ग डॉक्टरच्याच अंगी शिरू शकतो. एवढे असूनही बरोबरीचे वेतन म्हटले की सरकारच्या कपाळाला आठ्या पडतात. पंजाबात वर्षानुवर्षे चालत आलेली समानता 2021 मध्ये मोडण्यात आली: वैद्यकीय अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन 56,100 रुपये, तर पशुवैद्यकाचे 47,600. पशुवैद्यकांना आंदोलनात उतरावे लागले. केंद्रीय सेवेतील डॉक्टरांना रिक्त पदाची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी पदोन्नती देणारी योजना आहे. ती आपल्यालाही लागू करावी, ही पशुवैद्यक संघटनांची मागणी जुनी आहे. पशुवैद्यक ज्या पदावर रुजू होतो त्याच पदावर त्याचे केस पिकतात, हे ज्याने पाहिले तो त्याचा लेक या पेशात कशाला घालील?

आणि आता कायम पद हीच चैन ठरवली जात आहे. केंद्राने 2021-22 पासून फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची योजना आणली: दर एक लाख जनावरांमागे एक गाडी, 1962 हा दूरध्वनी क्रमांक, गाडीत एक डॉक्टर, एक सहायक, एक चालक. गाडीचा पैसा केंद्राचा. चालवण्याचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. गाडी आली हे चांगलेच झाले. परंतु गाडीतील माणसे बाहेरच्या कंत्राटदारामार्फत नेमलेली. पशुचिकित्सा राज्यसूचीतला विषय, म्हणून दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते. योजना केंद्राची, म्हणून मुंबई दिल्लीकडे. मधल्या मधे कंत्राटदाराचे फावते. 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाने देशभर दीड लाखांवर जनावरे मेली. असा साथरोग उद्या पुन्हा आला तर करार संपलेला डॉक्टर कोणत्या गोठ्यात उभा राहणार?

राज्यकर्त्यांना आणखी एक गोष्ट सोयीची झाली आहे. पदवीधर आणि पदविकाधारक एकमेकांच्या उरावर बसले आहेत. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराचा. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा पदविकाधारकाने त्याच्या देखरेखीखाली कराव्यात. महाराष्ट्रातील श्रेणी 2 चे दवाखाने सरकारने पशुधन पर्यवेक्षकांच्या भरवशावर चालवले. देखरेख करणारा डॉक्टरच नेमायचा नाही, आणि पर्यवेक्षकाने पुढे होऊन जनावर वाचवले तर त्याला कायदा दाखवायचा, ही लबाडी आहे. पदवीधर संघटनांनी पर्यवेक्षकाला भोंदू म्हणण्याने ती झाकली जाते, आणि पर्यवेक्षकांनी पदवी निरुपयोगी ठरवण्यानेही. सेवेत असलेल्या पर्यवेक्षकाला पगारी रजा देऊन पदवीच्या राखीव जागेवर पाठवणे, ही दोघांचीही मागणी होऊ शकते.

‘नोकरी कशाला मागता, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढा’ हा सल्लाही ऐकवला जातो. पुण्या-मुंबईत तसे दवाखाने चालतात, त्यात गैर काही नाही. पण मेळघाटातील शेळी पुण्याच्या दवाखान्यात येणार नाही.

सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. प्रतिसरकारचा हा नेता 1957 मध्ये साताऱ्यातून आणि 1967 मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेला होता. त्याच्या नावाच्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना कंत्राटदाराच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी किसान सभा आणि शेतमजूर संघटनांनी पशुवैद्यकांच्या व पर्यवेक्षकांच्या संघटनांशी स्वतःहून बोलणी सुरू केली पाहिजेत. जाहिरात निघालेल्या 2,795 जागांवर प्रत्यक्ष किती जण रुजू झाले, कोणत्या तालुक्यात झाले, याची यादी प्रत्येक जिल्हा शाखेने मागावी. फिरत्या पथकांतील डॉक्टर, सहायक व चालक त्या आकड्यात नाहीत. त्यांची यादी वेगळी मागावी लागेल.