पायाखालची भूमी

परशुरामाने सह्याद्रीच्या माथ्यावरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि ही अपरान्तभूमी वर आली, ही कथा गोमंतकातील घराघराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहे. बाण जेथे पडला ती बाणावली, असे आपण अभिमानाने सांगतो. पुराणकथेला पुराव्याच्या तराजूत घालून तिची कुचेष्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आपल्या पायाखालची जमीन अनादि नाही, ती केव्हातरी समुद्राकडून मिळालेली आहे, एवढे भान त्या कथेने आमच्या पूर्वजांना दिले. गेल्या शतकात भूविज्ञानाने उलगडलेला पृथ्वीचा इतिहास या कथेहून कमी अद्‌भुत नाही. खेद एवढाच की, कथा माजघरापर्यंत पोचली. शास्त्र मात्र शाळेतील चार गुणांच्या प्रश्नापलीकडे गेले नाही. या अज्ञानाची किंमत किनाऱ्यावरील समाजाला एखाद्या दिवशी मोजावी लागेल, अशी आम्हांला भीती वाटते.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे प्रतिपादन केले, तेव्हा बहुतेक पंडितांनी ते हसण्यावारी नेले. खंडे कोणत्या शक्तीने सरकतात याचे पटणारे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या हिमभूमीत त्याला मृत्यू आला, तेव्हाही त्याचा सिद्धान्त बहुतेकांना अमान्यच होता. पुरावा सापडला तो समुद्राच्या तळाशी, आणि तोही आपल्याच बाजूच्या समुद्रात. हिंदी महासागराच्या वायव्य भागात कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची पर्वतरांग आहे. १९६२ मध्ये एका ब्रिटिश जहाजाने तेथे चुंबकीय मोजणी केली आणि केंब्रिजच्या वाइन व मॅथ्यूज या संशोधकांनी पुढच्याच वर्षी तिचा अर्थ लावून दाखविला. रांगेच्या माथ्यावरील भेगेतून शिलारस वर येतो, थिजतो आणि त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची मोहर घेऊन दोन्ही अंगांना सरकत जातो. वेगेनरची उपेक्षा केलेल्या जगाने पुढे दहा वर्षांच्या आत त्याची मूळ कल्पना स्वीकारली.

आज आपण जाणतो की, पृथ्वीचे कवच अखंड नाही. सुमारे शंभर किलोमीटर जाडीच्या लहानमोठ्या भूपट्टांत ते विभागलेले आहे. त्यांच्याखालचा तप्त खडक घन असूनही लक्षावधी वर्षांच्या मापाने वाहतो आणि त्यावरून हे पट्ट आपल्या नखांच्या वाढीच्या गतीने सरकतात. ते दुरावतात तेथे नवा समुद्रतळ निर्माण होतो. समुद्राचा पट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथे खोल गर्ता पडते आणि ज्वालामुखींची रांग उभी राहते. अंदमानातील १९९१ पासून पुन्हा धुमसू लागलेले बॅरन बेट हे तिचे आपल्या देशातील उदाहरण. दोन भूखंडे आदळतात तेथे पर्वत उठतो. भारत आशियाला भिडल्याला सुमारे पाच कोटी वर्षे झाली, हिमालय उभा राहिला, आणि तरीही आपला भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोच आहे.

आपल्या सह्याद्रीचे जन्मवृत्त याच घडामोडींत दडलेले आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून विलग झाले. उडुपीनजीकच्या सेंट मेरी बेटांवरील दगडी खांब त्या काळच्या अग्निरसाची साक्ष देतात. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज रीयुनियन बेटावर ज्वालामुखी धगधगता ठेवणाऱ्या तप्त स्थानावरून भारताचा भूपट्ट जात असता दख्खनची भूमी दुभंगली. शंकूसारख्या एका डोंगरातून नव्हे, तर लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर चढत गेले. एवढी झीज होऊनही त्यांनी आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. रायगडाचे कडे त्याच खडकाचे, आणि वेरूळचे कैलास लेणेही त्यातच कोरलेले. लवकरच सेशेल्सचा तुकडा तुटून दूर गेला आणि पश्चिमेची कड खचली. त्या तुटलेल्या कडेला कोट्यवधी पावसाळ्यांनी झिजवीत मागे सारले, तोच आजचा घाटमाथ्याचा कडा. गोव्यात मात्र हा लाव्हा ईशान्य सीमेवर, सत्तरीच्या बाजूलाच काय तो आढळतो. आपली बाकीची भूमी त्याहून फार प्राचीन असून तिच्यातील काही खडक तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आपण घरे बांधतो, तो ऊन-पावसाने या पुरातन खडकांचा केलेला कायापालट होय.

इतक्या जुन्या भूमीवर राहणाऱ्याला ती स्थिर वाटावी यात नवल नाही. दख्खनचे पठारही असेच अचल मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने या समजाला तडा दिला. त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो हे खरे. पण पाण्याच्या भाराने जागा होणारा ताण खडकात आधीपासून असावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, तेव्हा उरलासुरला समजही मातीला मिळाला.

आमच्या किनाऱ्याने आणखी एक नाव ध्यानात ठेवले पाहिजे. ते म्हणजे मकरान. बलुचिस्तानच्या या किनाऱ्यालगत अरबी समुद्राचा तळ आशियाखाली शिरतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे प्रचंड भूकंप झाला, समुद्र उसळला आणि काही तासांत पाणी मुंबईला पोचून तेथेही माणसांचे बळी गेले. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये दुसऱ्या एका भूकंपानंतर चिखलाचे बेट समुद्रातून वर आले आणि थोड्याच वर्षांत लाटांनी ते गिळूनही टाकले. समुद्र जमीन देतो, ही परशुरामकथा आपण जपली; तो ती परत मागतो, हा तिचा उत्तरार्ध मात्र आपण ऐकलेलाच नाही.

हा उत्तरार्ध ज्यांनी ऐकला, ते वाचले. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने हिंदी महासागराच्या काठावर सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेतला. भूकंपाच्या केंद्राला अगदी लगटून असलेल्या सुमात्रानजीकच्या सिमेलू बेटावर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे दगावली. १९०७ मध्ये तेथे अशीच लाट आली होती. 'स्मोंग' या नावाने तिची आठवण आजीने नातवंडांना सांगितली: मोठा धक्का बसला आणि पाणी ओसरले की डोंगर गाठा. त्यांच्यापाशी ना यंत्र होते ना भोंगा. होती ती एक कथा, आणि तिने गावेच्या गावे वाचविली.

आपल्याला तर कथेबरोबर यंत्रांचीही जोड आहे. हैदराबादेतील राष्ट्रीय सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करीत आहे. मकरानचा धक्का आपल्याला कदाचित जाणवणारही नाही. पण लाट येथे पोचण्यास काही तास लागतील, आणि तेच आपले भांडवल. हैदराबादहून निघालेला इशारा रापणकाराच्या झोपडीपर्यंत किती मिनिटांत पोचतो आणि तो ऐकून कोणत्या वाटेने कोणत्या उंचवट्यावर जायचे, हे किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःला विचारावे. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांनी अशी सज्जता करून २०२० मध्ये युनेस्कोची मान्यता मिळविली. त्यांना जे साधले ते आपल्याला का साधू नये? लाटेचा पहिला तडाखा अंगावर झेलणाऱ्या वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यांवर इमारती उठविणे आणि खाजनांचे बांध ढासळू देणे हा केवळ निसर्गद्रोह नव्हे, तो आत्मघात आहे.

पृथ्वीला घाई नाही. तिचे पट्ट आपल्या मंजुरीची वाट न पाहता सरकत राहतील. त्यांना थोपविण्याचे सामर्थ्य माणसात नाही. त्यांची चाल ओळखून शहाणपणाने राहण्याचे मात्र निश्चित आहे. परशुरामाची कथा आपल्या मुलांना आपण जरूर सांगावी; परंतु ती बाणावलीपाशी संपवू नये. समुद्र अकस्मात मागे हटला तर शिंपल्या वेचायला पुढे धावू नये, पाठ फिरवून डोंगर गाठावा, हे शेवटचे वाक्य तिला जोडावे. ते वाक्य जोडण्याची जबाबदारी आजच्या पिढीची आहे.