दोष फायबरचा नव्हे, घाईचा

२८ मे २०२३. रविवारची दुपार. उज्जैनात वादळ आले आणि महाकाल लोकातल्या सप्तर्षींपैकी सहा ऋषी चौथऱ्यावरून खाली आले. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी या परिसराचे उद्घाटन झाले होते. त्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फ्रीगंजात एकच निकाल ऐकू येऊ लागला. टॉवर चौकात तोच, मराठी घरांच्या दिवाणखान्यात तोच : "प्लास्टिकचे ऋषी ते! दुसरे काय होणार? दगडाचे हवे होते." धारच्या रघुनाथ कृष्ण फडके यांचे नाव घेऊन जुन्या पिढीने उसासे टाकले. नव्या पिढीने मोबाइलवर चित्रे पाठवली. दगड हवा, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

या एकमताशीच मला भांडायचे आहे. कारण ते सोयीचे आहे. सामानाला दोषी ठरवले, की माणसाला काही विचारावे लागत नाही.

त्या मूर्ती एफआरपीच्या होत्या, म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थर देऊन केलेल्या. हे सामान हलके असते आणि मूर्ती आतून पोकळ असते. वारा ढकलतो तो आकाराला, आणि त्याला अडवते ते वजन नाही तर पायाशी असलेली पकड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे नववी-दहावीचा विद्यार्थीही समजू शकतो. तेव्हा पोकळ मूर्ती उघड्यावर उभी करायची, तर आत लोखंडाचा भक्कम सांगाडा हवा आणि तो चौथऱ्यात खोल रोवलेला हवा. हे होत नसेल तर अपराध फायबरचा कसा? याच फायबरच्या होड्या समुद्रात चालतात.

सीमाभागातल्या वाचकांना हा उज्जैनचा घरगुती प्रश्न वाटेल. तर मालवणकडे पाहा. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तो तर प्लास्टिकचा नव्हता, ब्राँझचा होता. नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र बांधकाम खात्याने तो पडण्याच्या काही दिवस आधीच दिले होते. एके ठिकाणी फायबर पडले, दुसऱ्या ठिकाणी ब्राँझ पडले. मग समान काय होते? सामान तर नव्हतेच.

आता याच्या उलट उदाहरण देतो, आणि ते आमच्या माळव्यातलेच आहे. आमची क्षिप्रा चंबळेला मिळते आणि तिचे पाणी मंदसौर जिल्ह्यातल्या गांधीसागर धरणात जाते. हे धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. तिथे चंबळ मातेची ४५ फूट उंच मूर्ती उभी आहे. जवळ दोन मुले आहेत : एक मध्य प्रदेश, दुसरा राजस्थान. ही मूर्ती संगमरवराची नाही, काळ्या पाषाणाची नाही. ती सिमेंट काँक्रीटची आहे! काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा ओतून घेतला गेला आणि छिन्नी-हातोड्याने त्यातून मूर्ती कोरली गेली. काँक्रीटमध्ये खडी असते. छिन्नीचा एक घाव सिमेंटवर पडतो, पुढचा खडीवर. शिवाय उडालेला तुकडा पुन्हा चिकटत नाही. साठ वर्षांहून अधिक काळ माळव्याचे ऊन-पाऊस खात ती उभी आहे.

ती कोरणारा तरुण मराठी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राम वनजी सुतार. जन्म १९ फेब्रुवारी १९२५, धुळे जिल्ह्यातले गोंदूर. घरात सुतारकाम. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. १९५३ मध्ये त्याने तिथले मेयो सुवर्णपदक मिळवले. पुढची काही वर्षे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीत गेली. म्हणजे दगड काय चीज आहे, हे या माणसाला आपल्या दिवाणखान्यांपेक्षा निश्चित जास्त कळत होते. वेरूळच्या पाषाणावर हात फिरवून आलेल्या या माणसाला धरणाच्या कामावरचे काँक्रीट हलके वाटले नाही. त्याने त्याचा स्वभाव ओळखला आणि त्याप्रमाणे मूर्ती घडवली.

पुढे सुतारांनी ब्राँझमध्ये खूप काम केले. १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला. त्याच्या आत काँक्रीटचे मनोरे आणि पोलादाचा सांगाडा आहे, ब्राँझ ही वरची त्वचा. एवढे उंच पुतळे हवेत कशाला, हा माझाही प्रश्न आहे. पण आतल्या पोलादाचा हिशेब बाहेरच्या चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो, हे त्यावरून शिकावे. मालवणचा पुतळा पडल्यावर नव्या पुतळ्यासाठी सुतार पिता-पुत्रांकडेच जावे लागले, आणि २०२५ मध्ये तो उभा राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाची शंभरी ओलांडून, राम सुतार गेले.

तरीही आपण सिमेंट, लोखंड, फायबर यांना नाक का मुरडतो? मला वाटते, त्याचे कारण सौंदर्यदृष्टी नाही. या सामानाला कारखान्याचा आणि कामगाराच्या घामाचा वास येतो. शिंदे-होळकरांच्या दफ्तरांत लेखणी चालवून आपण इथे मोठे झालो. हातोडा धरणारा आपल्याला नेहमी ओट्याखालीच उभा दिसला. दगडाच्या गोष्टी करणाऱ्या याच घरांत भाद्रपदात प्लास्टरचा गणपती येतो, तेव्हा मात्र शुद्ध सामानाची आठवण कोणाला होत नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी माझी कबुली. मी मुख्याध्यापक आहे. दहावीचा निकाल सुधारावा म्हणून चित्रकलेचे तास मी गणिताला दिले आहेत, एकदा नव्हे, अनेकदा. पालकांनी आभार मानले. गोंदूरच्या मुलाला जोशी मास्तर भेटले. माझ्या शाळेत तसा मुलगा आला असता, तर त्याला मी भेटलो असतो आणि तो आज कुठेतरी हिशेब लिहीत बसला असता. कारागिरीची जाण अशा हजार शाळांतून आपण काढून टाकली, म्हणून ठरलेल्या मुहूर्ताला मूर्ती उभी झाली की टाळ्या वाजवणारा आणि ती पडली की सामानाला शिव्या देणारा समाज तयार झाला. या समाजाला मूर्तीच्या पायाशी वाकून पकड पाहण्याची सवय नाही.

तेव्हा दगडाचा हट्ट सोडा, असे मी म्हणत नाही. दगड जरूर आणा. पण मुहूर्ताची घाई तीच राहिली, तर दगडही पडेल, आणि तो कोणाच्या तरी अंगावर पडेल. मागायचेच असेल तर हे मागा : प्रत्येक सार्वजनिक शिल्पाखाली उद्घाटकाच्या नावाआधी शिल्पकाराचे नाव हवे. सामान कोणते, वर्ष कोणते आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे तिथे कोरलेले हवे. आणि तारीख शिल्पकाराने द्यावी, मंडपवाल्याने नव्हे.

माझ्यापुरते म्हणाल तर येत्या सत्रापासून चित्रकलेचा तास चित्रकलेलाच राहील. या हिवाळ्यात मुलांना गांधीसागरला नेणार आहे. चंबळ मातेच्या पायाशी उभे राहून त्यांनी मान वर करून पाहावे, मग खाली बसून चौथराही पाहावा. निबंध लिहायला सांगणार नाही.