स्मृतिभ्रंश आणि जांबुवंत

स्मृती भ्रष्ट झाली की बुद्धीचा नाश होतो, असे गीता सांगते. दूरचित्रवाणीवरील मालिका तर हेच तत्त्व वर्षानुवर्षे, भागामागून भाग दाखवीत असतात! अपघात होतो, नायकाच्या डोक्याला मार बसतो आणि मागचे सारे पुसले जाते. २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेतील मिहिर आठवा. मृत समजून घरच्यांनी ज्याच्यासाठी अश्रू ढाळले, तो प्रेक्षकांच्या आग्रहाखातर परत आला. पण स्मृती हरवून. तोवर डॉक्टर मंदिरा त्याच्या आयुष्यात आली होती. त्या विस्मरणाचे पडसाद पुढच्या पिढीपर्यंत उमटत राहिले.

चूक माणसाला शहाणे करते, ती आठवते म्हणून. आठवणच पुसली, तर ते पात्र पुन्हा त्याच माणसावर विश्वास ठेवणार, पुन्हा त्याच खड्ड्यात पडणार. यात त्याचा दोष कोणता? मला प्रश्न पडतो तो निराळाच. ज्यांना सारे आठवते, ती भोवतालची मंडळी काय करीत असतात? 'त्याला धक्का बसेल' म्हणून आई गप्प, स्वार्थापोटी खलनायिका गप्प!

हे काही आजचे नव्हे. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. लोकापवादाच्या भयाने तो विसरल्याचा आव आणतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून त्याला दोषमुक्त केले. परंतु त्याच 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिका गाण्यातून राजाला टोमणा मारते, कारण एकदा प्रेम करून तो तिलाही विसरलेला असतो. म्हणजे त्याची ही चूक पहिली नव्हेच! शिवाय शाप ठाऊक असूनही अनसूया आणि प्रियंवदा शकुंतलेला सांगत नाहीत. त्यांनी सांगितले असते, तर तिने ती अंगठी प्राणापलीकडे जपली नसती का?

याउलट १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर गाजलेल्या 'रामायणा'तील हनुमान पाहा. शापामुळे तो स्वतःचे सामर्थ्य विसरलेला. पण समुद्रकिनारी जांबुवंत गप्प बसत नाही. तो आठवण करून देतो आणि हनुमान समुद्र ओलांडतो.

मित्रहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्याला असा जांबुवंत हवा आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारणीचे विष नाकातोंडात गेले आणि कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरली होती. आज काय दिसते? तोंडाला साधा रुमाल बांधून, कधी तोही न बांधता, पाठीवर पंप घेऊन माणसे पुन्हा शिवारात उतरतात. माझे बाबाही त्यांतलेच. त्यांच्या डोक्याला मार बसलेला नाही. मजुरी बुडू नये म्हणून आणि 'काही होत नाही' असे सारेच म्हणतात म्हणून ती आठवण पुसली गेली आहे.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजीला दुष्काळ आठवतात, सावकार आठवतात. पण ते लिहिलेले कुठेच नाही. ती गेली की तेही पुसले जाईल. शिकलेल्या मुलांनी नोकरीसाठी अर्ज जरूर लिहावेत. पण गावाने भोगलेलेही लिहावे आणि फवारणीच्या दिवसांत घरी मोठ्याने वाचून दाखवावे. मालिकेतला नायक विसरला तर टी.आर.पी. वाढतो. गाव विसरले तर माणसे मरतात.

— द्वितीय वर्ष कला