कुंपणाआड काय काय झाकायचं?

कॅलिफोर्नियाच्या मोजावे वाळवंटात कोसो नावाचं ज्वालामुखी क्षेत्र आहे. सभोवती अमेरिकी नौदलाचा चायना लेक तळ. या बंदोबस्तामुळे तिथली हजारो वर्षांपूर्वीची शिलाचित्रं टिकायला मदतच झाली. जमिनीतल्या उष्णतेवर १९८७ पासून वीजही तयार होते. म्हणजे कुंपण वाईटच, असं मी म्हणणार नाही.

पण मित्रांनो, आपल्या भंडाऱ्याचं काय? जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, छत कोसळलं, त्याच दिवशी आठ जण गेले. दारूगोळ्याची कृती गुप्त राहो, कबूल! मात्र अपघाताचं कारण आणि त्यातून मिळालेला धडा गुप्त राहता कामा नये. तो आपल्या वर्गात शिकवला गेला पाहिजे. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी तिथं ड्युटीवर असेल.