दिवाळीतील शार्कर
दिवाळीच्या फराळाबरोबर बाजारातील कृत्रिम रंगाचे सरबत देण्यापेक्षा सुंठ, वेलदोडा, दालचिनी व लवंग यांचे शार्कर घरीच सिद्ध करावे, असे आपण रुग्णांना आवर्जून सांगावयास हवे. भरड चूर्णाचा फांट गाळून त्यात वजनाने दुप्पट खडीसाखर मंदाग्नीवर विरघळवावी. हे प्रमाण आपल्या शार्करकल्पनेचे. इंडियन फार्माकोपियातील साध्या सिरपमध्येही साखर ६६.७ टक्केच असते. गोडी कमी करण्याच्या मोहाने ती घटविल्यास पाक आंबतो. चमचाभर शार्कर कोमट पाण्यात वा बासुंदीत पुरेसे होते.

मात्र या पाकास औषध म्हणून गौरविण्याची काही व्यवसायबंधूंची रीत मला मान्य नाही. मधुमेही रुग्ण वैद्याच्या शब्दावर पेलाभर पितो, आणि खडीसाखर म्हणजे साखर नव्हे ही त्याची समजूत अनेकदा चिकित्सकांच्याच बोलण्यातून झालेली असते.