पन्नास वर्षे जपायची माहिती

सिकलसेलची तपासणी झालेली बस्तरमधली एखादी मुलगी रुग्ण आहे, वाहक आहे की निरोगी, याची नोंद सरकारदरबारी होते. ही नोंद जन्मभर बदलत नाही. लग्नाची बोलणी तिच्यावरून फिसकटू शकतात. म्हणजे ही माहिती किमान पन्नास वर्षे गुप्त राहायला हवी. तिच्यावर आज कूटपद्धतीचे जे कुलूप आहे ते तेवढे टिकणार नाही, आणि छत्तीसगडच्या मंत्रालयातल्या, म्हणजे महानदी भवनातल्या, राज्यकर्त्यांनी याचा विचार आत्ताच करायला हवा.

संगणकांमधली गुप्त देवाणघेवाण आज मुख्यतः आरएसए आणि तत्सम कूटपद्धतींवर चालते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक त्या फोडू शकेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवले. तसा संगणक अजून नाही. पण आरएसए-2048 फोडायला दोन कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाची मूलभूत एकके) लागतील, असे गणित 2019 मध्ये मांडणाऱ्या गूगलच्या क्रेग गिडनी यांनीच मे 2025 मध्ये तो आकडा दहा लाखांच्या आत आणला. चोराला घाई नाही. माहिती आज उचलून ठेवायची आणि यंत्र आले की फोडायची. एकदा गेलेली नोंद कोणतेही सरकार परत आणू शकत नाही.

मे 2025 मध्येच मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी नवा रायपूरमध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. त्याचे स्वागतच आहे. पण इमारत आणि वीज यांच्याइतकाच, तिथे ठेवलेल्या माहितीचा धनी कोण आणि ती किती काळ ठेवायची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा म्हणतो की काम संपले की माहिती पुसा. त्याच कायद्याच्या कलम 17 ने सरकारला मात्र या बंधनातून मोकळे ठेवले आहे. ही सवलत आम्हाला सर्वांत धोक्याची वाटते. जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. छत्तीसगडने कायद्याची वाट न पाहता स्वतःहून प्रत्येक खात्याला मुदत घालून द्यावी.

धोका केवळ गुपिताचा नाही. राज्याच्या ‘भुइयां’ या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून मिळणारा जमिनीचा बी-1 उतारा पटवाऱ्याच्या शाईच्या सहीवर नाही, डिजिटल स्वाक्षरीवर उभा असतो. जुनी कूटपद्धत फुटली की ती स्वाक्षरीही बनवता येईल, आणि अभनपूरच्या शेतकऱ्याला आपलीच जमीन आपली असल्याचे सिद्ध करण्यासाठी तहसील गाठावी लागेल.

उपाय उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमपुढे टिकणाऱ्या पद्धतींची तीन मानके जाहीर केली. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या आपल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनेही जुलै 2025 मध्ये, कोणत्या प्रणालीत कोणती कूटपद्धत आहे याची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ही यादी करायला क्वांटम शास्त्रज्ञ लागत नाहीत. चिप्स या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेतले अभियंते आणि खात्यांचे सचिव एकत्र बसले तर ती होते. आरोग्य आणि महसूल ही दोन खाती आधी घ्यावीत, त्यांच्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा. आणि यापुढच्या प्रत्येक निविदेत, कूटपद्धत बदलायची वेळ आली तर कंत्राटदाराने जादा पैसे न मागता ती बदलून द्यावी, ही अट लेखी असावी. करारावर सह्या झाल्यावर ती घालता येणार नाही.