मातीविना लेट्यूस आणि विजेचे मीटर

मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी पिकवण्याच्या चित्रफिती आता गावोगावी मोबाइलवर फिरतात. पांढऱ्या नळ्या, त्यांत ओळीने लावलेले कुरकुरीत पानांचे लेट्यूस आणि खाली ठळक वाक्य : ‘नव्वद टक्के पाण्याची बचत’. ज्याची विहीर जानेवारीतच तळ दाखवते, त्याचे डोळे या वाक्यावर थांबणारच. म्हणून हा हिशेब जिल्हा बैठकीपुढे मांडतो आहोत.

बचत खरी आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात युमा हा भाग हिवाळी लेट्यूससाठी प्रसिद्ध आहे. त्या राज्यातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये तिथली उघड्या शेतातली लागवड आणि काचघरातली हायड्रोपोनिक लागवड यांचा ताळेबंद प्रसिद्ध केला. एक किलो लेट्यूसला शेतात सुमारे 250 लिटर पाणी, काचघरात 20 लिटर. चौरस मीटरमागे वर्षाला शेतात चार किलो माल, काचघरात 41 किलो. जाहिरातवाले इथवर वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात. पुढचा आकडा ऊर्जेचा आहे. किलोमागे शेतात 1,100 किलोज्यूल, काचघरात 90,000. आपल्या मीटरच्या भाषेत शेतात युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आणि काचघरात 25 युनिट. एका किलोला! किलोभर लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणीच असते. आपली शाळू ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, तिला मीटरच लागत नाही.

विक्रेता म्हणेल, त्या विजेचा मोठा वाटा काचघर गरम आणि थंड करण्याचा आहे, आपल्याकडे तो खर्च नाही. पहिले म्हणणे बरोबर आहे, दुसरे अर्धवट. लेट्यूस थंडीचे पीक. वैशाखात टाकीतले पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो, रोप दांडा काढते आणि पान कडू होते. आतली पाने कडेने करपतात, ते तर थंड देशांतही होते. कॅल्शियम वाढत्या कोंबापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. थंडावा द्यायचा तर वीज लागणार. फक्त हिवाळ्यात घ्यायचे म्हटले, तर तेच पीक ठिबकवर काळ्या जमिनीतही येते. मग नळ्या कशाला?

शिवाय नळीत पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो. भर दुपारी वीज गेली तर काही तासांत मुळे सुकतात. भारनियमन आम्ही नव्याने सांगायला नको. थर्माकोलच्या तराफ्यावर, फूटभर पाण्यात रोपे ठेवली तर धोका कमी, पण टाकी मोठी.

माशांच्या पाण्यावर लेट्यूस, म्हणजे ॲक्वापोनिक्स, याची गोष्ट त्याहून रंजक. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर जेम्स राकोसी यांनी 1980 नंतर तीस वर्षे यावर काम केले. तिलापिया माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, ते रोपे घेतात, पाणी परत माशांकडे जाते. यात खत फुकट मिळते, असा समज आहे. त्यांच्याच मापाने तराफ्याच्या चौरस मीटरला रोज 60 ते 100 ग्रॅम मासळीखाद्य लागते. म्हणजे खताची गोणी गेली, खाद्याची आली. वर लोह, कॅल्शियम आणि पोटॅश बाहेरून द्यावे लागते ते वेगळेच. पण त्या बेटावर गोडे पाणी दुर्मीळ आणि बाहेरची भाजी समुद्र ओलांडून येते. तिथे ताज्या पानाला दाम मिळाला तर नवल नाही. हिंगोली किंवा यवतमाळच्या बाजारात तो कोण देणार?

भांडवलवाल्यांचेही पाहा. बंद गोदामात दिव्यांखाली पालेभाजी पिकवणाऱ्या एरोफार्म्सने 2023 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. बोअरी 2024 मध्ये बंद पडली. 2025 मध्ये प्लेंटीनेही तोच अर्ज केला. त्यांच्यामागे कोट्यवधी डॉलर होते. आपल्यामागे सातबारा आहे, आणि त्यावर बोजा.

तंत्राला आमचा विरोध नाही. पैसे सुटत असतील तर आम्ही लेट्यूसच काय, गुलाबही लावू. मोठ्या शहराच्या कडेला ज्याचे हॉटेलवाले गिऱ्हाईक बांधलेले आहे, त्याने जरूर करावे. आमची भीती गिऱ्हाइकाची आहे. कापूस भाव पडला तर घरात चार महिने पडून राहतो. लेट्यूस शीतगृहाशिवाय चार दिवसही थांबत नाही. म्हणूनच संचाबरोबर ‘माल आम्हीच विकत घेऊ’ असा करार येतो. 2012 मध्ये तामिळनाडूत इमूचा आणि 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचा फुगा फुटला, तेव्हाही असेच करार लोकांच्या ट्रंकेत होते.

ज्यांनी असा करार केला आहे किंवा ज्यांच्यापुढे तो ठेवला आहे, त्यांनी बैठकीला येताना मूळ कागद आणावा. माल नाकारण्याचा हक्क कोणाकडे, दर कोण ठरवणार, वीज जाऊन पीक मेले तर नुकसान कोणाचे, ही तीन कलमे सर्वांसमोर वाचून पाहू. संचाच्या पंपावर वॅटचा आकडा असतो, तोही उतरवून आणा.